नियम क्रमांक बारा

पवनारला धाम नदीच्या पात्रात उतरलं की वर टेकाडावर विनोबांचा आश्रम दिसतो. १९७५ च्या जूनमध्ये त्या आश्रमातला सगळ्यात ऐकला जाणारा माणूस बोलत नव्हता. २५ डिसेंबर १९७४ रोजी विनोबांनी एक वर्षाचं मौन घेतलं होतं. त्याच जूनमध्ये दिल्लीत गांधी शांती प्रतिष्ठानच्या एका खोलीत बहात्तर वर्षांचा दुसरा माणूस मुक्कामाला होता आणि तो बोलण्यावाचून राहत नव्हता. हे जयप्रकाश नारायण. १९२९ साली ते अमेरिकेतून परतले आणि गांधींना भेटायला वर्ध्याला आले. १९५४ मध्ये बोधगयेला त्यांनी विनोबांच्या कामाला जीवनदान दिलं. पुढे जयप्रकाशांच्या बिहारमधल्या आंदोलनावरून सर्वोदयाचं घर फुटलं. १९७४ च्या जुलैत सर्व सेवा संघाची बैठक वर्ध्यात झाली, तेव्हा ही फूट उघड्यावर आली.

आणीबाणीची गोष्ट आपल्याकडे पोलिसांच्या गाड्यांपासून सुरू होते. मला ती कागदांपासून सांगायची आहे. २५ आणि २६ जूनच्या त्या दोन दिवसांत जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या कलमात, उपकलमात, नियमात बसवूनच केली गेली.

ऑगस्ट १९४९, सव्वीस वर्षं आधी

घटना समितीत आणीबाणीच्या तरतुदी मंजूर होत होत्या. सर्वांत कडाडून विरोध करणाऱ्यांत हरि विष्णू कामत होते. ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून आलेले, म्हणजे वर्धा ज्या प्रांतात होता त्याच प्रांताचे प्रतिनिधी. जर्मनीच्या वायमार राज्यघटनेतही अशीच कलमं होती आणि हिटलर त्याच दारातून आत शिरला, याची आठवण त्यांनी सभागृहाला करून दिली. सभागृहाने ऐकून घेतलं आणि तरतुदी मंजूर केल्या. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, हैदराबाद नुकतंच झालं होतं. सभासदांना दोष देणं आज सोपं आहे.

त्याआधी तीन वर्षं खुद्द वर्ध्यात एक वेगळी घटना लिहून झाली होती. इथल्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्र भारतासाठी गांधीवादी राज्यघटनेचा आराखडा छापला. त्याला गांधींची प्रस्तावना होती, पाया ग्रामपंचायतीचा होता आणि सत्ता खालून वर जाणारी होती. दिल्लीत तो कुणी फारसा उघडला नाही. श्रीमन्नारायण यांचं नाव मात्र लक्षात ठेवा, ते शेवटी पुन्हा येणार आहे.

१२ जून १९७५, सकाळी दहा

अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी निकाल वाचला. रायबरेलीतून इंदिरा गांधींची १९७१ ची निवड रद्द. लाचलुचपत, मतपेट्यांची हेराफेरी असलं काही सिद्ध झालं नव्हतं. यशपाल कपूर सरकारी नोकरीत असताना त्यांच्याकडून निवडणुकीचं काम करून घेतलं, आणि सभांचे मंच व ध्वनिवर्धकांची वीज उत्तर प्रदेश सरकारच्या अधिकाऱ्यांनी पुरवली, एवढंच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (७) खाली ते भ्रष्ट आचरण ठरलं आणि सहा वर्षांची अपात्रता लागली. अपिलासाठी न्यायाधीशांनी स्वतःच वीस दिवसांची स्थगिती दिली. घड्याळाची चावी इथे फिरली.

२४ जून, दुपार. साधारण बत्तीस तास बाकी

सर्वोच्च न्यायालयाला सुटी होती. सुटीतले न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर. पंतप्रधानांच्या बाजूने नानी पालखीवाला, निवडीला आव्हान देणाऱ्या राजनारायण यांच्या बाजूने शांतिभूषण. निकाल आला तो अर्धामुर्धा. पंतप्रधान पदावर राहू शकतील, सभागृहात बसू आणि बोलू शकतील, पण खासदार म्हणून मतदान करू शकणार नाहीत, खासदाराचा पगार घेऊ शकणार नाहीत.

कायद्याच्या दृष्टीने अशी सशर्त स्थगिती नेहमीची. राजकारणात मात्र हा लटकता पंतप्रधान झाला. विरोधकांनी त्यात राजीनाम्याची मागणी वाचली. पंतप्रधानांच्या घरी, १ सफदरजंग रोडवर, काय वाचलं गेलं, ते दुसऱ्या दिवशी दिसलं.

२५ जून, सकाळ. पंधरा-सोळा तास बाकी

पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थशंकर राय दिल्लीत होते. त्यांना पंतप्रधानांच्या घरी बोलावणं आलं. देशाला काहीतरी जबर धक्का द्यायला हवा, असं इंदिराजी त्यांना आधीही दोन-तीनदा म्हणाल्या होत्या. आज गुप्तचरांचे अहवाल आणि जयप्रकाशांच्या संध्याकाळच्या सभेची चिंता सोबत होती. राय बॅरिस्टर. मी जरा घटना चाळून येतो, म्हणाले.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने कागद तपासले, तेव्हा १२ ते २५ जून या काळात देशाची अंतर्गत सुरक्षा धोक्यात आहे असा एकही अहवाल इंटेलिजन्स ब्यूरोने गृहखात्याला दिलेला सापडला नाही. अशा संकटाला तोंड देण्याची तयारीही गृहखात्याने केलेली नव्हती. ज्या खात्याने आग लागल्याचं सांगायचं, त्याच्याकडे धुराचीही खबर नव्हती.

संध्याकाळी पाच ते साडेपाच. सहा तास बाकी

राय परत आले ते अनुच्छेद ३५२ घेऊन. त्यात आणीबाणीची तीन कारणं होती: युद्ध, परकीय आक्रमण आणि अंतर्गत अशांतता. तिसरा शब्द सैल. कुठल्या गल्लीत दगड पडला की अशांतता होते आणि कुठल्या राज्यात बंद पाळला की होत नाही, हे घटनेने कुठे सांगितलं नव्हतं.

आणीबाणी आधीच लागू होती, हे आज अनेकांना आठवत नाही. ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तान युद्धाच्या वेळी पुकारलेली बाह्य आणीबाणी साडेतीन वर्षांनंतरही उठवलेली नव्हती. म्हणजे एका आणीबाणीच्या डोक्यावर दुसरी चढवायची होती.

साडेपाचच्या सुमारास दोघं राष्ट्रपती भवनात गेले. फक्रुद्दीन अली अहमद यांनी ऐकून घेतलं आणि शिफारस पाठवा म्हणाले. आता अडचण उरली मंत्रिमंडळाची. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, आणि मंत्रिमंडळ बोलावलं तर दहा तोंडं, दहा प्रश्न. उत्तर भारत सरकारच्या १९६१ च्या कामकाज नियमावलीत सापडलं. नियम क्रमांक बारा: पंतप्रधान एखाद्या प्रकरणात या नियमांपासून फारकत घेऊ देऊ शकतात. घाईच्या, किरकोळ अडचणीसाठी ठेवलेली ही फट. फायलीवर मंत्रिमंडळाची सही राहून गेली तर मागाहून घेता यावी, इतकाच तिचा जीव. त्या संध्याकाळी तिच्यातून अख्खी राज्यघटना बाहेर काढायची होती.

संध्याकाळ, रामलीला मैदान

त्याच संध्याकाळी मैदानात जयप्रकाश बोलले. शेजारी मोरारजी देसाई. नानाजी देशमुख लोकसंघर्ष समितीचे चिटणीस, म्हणजे परभणीकडचा मराठी माणूस. २९ जूनपासून देशभर सत्याग्रह सुरू करायचं ठरलं. जयप्रकाशांनी दिनकरांची कविता म्हटली. पोलीस आणि सैन्याला त्यांनी आवाहन केलं, बेकायदा हुकूम मानू नका.

हे वाक्य पुढे आणीबाणीचं समर्थन म्हणून हजारदा उगाळलं गेलं. सैन्याला चिथावणी दिली, आणखी काय पुरावा हवा! पण घड्याळ पाहा. सभा भरली तेव्हा राष्ट्रपतींशी बोलणं होऊन गेलं होतं. भाषणामुळे आणीबाणी आली असं म्हणणाऱ्याने साडेपाचची ती भेट कुठे ठेवायची, ते सांगावं. आंदोलनाच्याही चुका होत्याच. निवडून आलेली विधानसभा रस्त्यावरून बरखास्त करा, ही मागणी मला आजही पटत नाही. विनोबांनाही तो मार्ग पटला नव्हता. आंदोलनात जायचं त्यांनी जावं, पण सत्य, अहिंसा आणि संयम सोडू नये, असं त्यांनी सर्वोदयवाल्यांना सांगितलं होतं.

रात्री साडेदहा. सव्वा तास बाकी

गृहमंत्री ब्रह्मानंद रेड्डी यांना पंतप्रधानांच्या घरी बोलावून सांगण्यात आलं. देशाच्या अंतर्गत सुरक्षेचा मंत्री, आणि त्याला अंतर्गत अशांतता झाल्याचं कळलं साडेदहाला. त्यांनीही सही केली. दिल्लीत वीजपुरवठा करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला तोंडी हुकूम मिळाला: बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीज तोडा. त्या रात्रीचा हा एक हुकूम असा, की ज्याला कागद नव्हता.

रात्री सव्वाअकरा. अर्धा तास बाकी

राष्ट्रपती भवन. राष्ट्रपतींनी आपले सचिव के. बालचंद्रन यांना बोलावून पंतप्रधानांचं पत्र दाखवलं. अंतर्गत अशांततेमुळे भारताच्या सुरक्षेला धोका असल्याची माहिती आली आहे, एवढंच त्यात होतं. कसली माहिती, कुठून आली, कोणी दिली, काही नाही. हे मंत्रिमंडळापुढे न्यायला मला आवडलं असतं, पण आज रात्री ते शक्य नाही, म्हणून नियम बाराखाली मी फारकत घेत आहे आणि सकाळी पहिल्यांदा हेच मंत्रिमंडळापुढे ठेवीन, असा पत्राचा आशय होता.

बालचंद्रन यांनी शहा आयोगापुढे जे सांगितलं, त्यातून त्या खोलीत काय चाललं ते कळतं. हे घटनेला धरून नाही, असं ते राष्ट्रपतींना म्हणाले. राष्ट्रपतींचं स्वतःचं समाधान हा आधार होऊ शकत नाही, मंत्रिमंडळाचा सल्ला लागतो. राष्ट्रपतींनी पंतप्रधानांना फोन लावला. बालचंद्रन थोड्या वेळाने खोलीत परत आले, तोवर पंतप्रधानांचे सहायक आर. के. धवन मसुदा घेऊन येऊन गेले होते. सही झाली होती. धवन कागद घेऊन निघूनही गेले होते.

सहीसाठी लागली ती काही मिनिटं. सचिवाचा आक्षेप फायलीत उरला नाही, माणसाच्या आठवणीत उरला आणि दोन वर्षांनी साक्षीत बाहेर आला. अबू अब्राहम यांनी पुढे डिसेंबरमध्ये, टबात बसूनच वटहुकमांवर सह्या करणारे राष्ट्रपती चितारले. ते व्यंगचित्र जगभर गाजलं, पण मला त्यापेक्षा हा खरा प्रसंग जास्त बोचतो. इथे राष्ट्रपती पूर्ण कपड्यांत होते, शुद्धीवर होते आणि समोर एक माणूस नाही म्हणत होता.

मध्यरात्रीला काही मिनिटं कमी. शून्य

आणीबाणी लागू झाली. देशाला माहीत नाही, मंत्रिमंडळाला माहीत नाही, संसदेला तर नाहीच.

२६ जून, पहाटे तीनचा सुमार

गांधी शांती प्रतिष्ठानमध्ये जयप्रकाशांना उठवण्यात आलं. त्यांना संसद मार्ग पोलीस ठाण्यात नेलं. भेटायला आलेले चंद्रशेखर, म्हणजे खुद्द काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सदस्य, तिथेच अटकेत गेले. विनाशकाले विपरीत बुद्धी, एवढंच जयप्रकाश बोलले. लिहिलेलं भाषण नव्हतं, घरातल्या म्हाताऱ्याने उंबऱ्यावर बसून म्हणावं तसं.

पहाटे साडेचार ते सहा

कॅबिनेट सचिव बी. डी. पांडे यांना साडेचारच्या सुमारास फोन गेला. देशातल्या सर्वांत वरच्या नोकरशहाला ही बातमी मंत्र्यांना बोलावण्याच्या निरोपासोबत मिळाली. सहाला मंत्री जमले. यशवंतराव चव्हाण, जगजीवनराम, स्वर्णसिंग, सगळे मुरलेले. काही विचारलं असेल तर एकट्या स्वर्णसिंगांनी. अर्ध्या तासाच्या आत बैठक आटोपली. ज्या मंजुरीशिवाय उद्घोषणा निघायला नको होती, ती मंजुरी उद्घोषणेनंतर सहा तासांनी, अटका झाल्यावर मिळाली.

चव्हाणांबद्दल मनात येतं. संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र, सगळी खाती पाहिलेला माणूस. त्या सकाळी ते एक वाक्य बोलले असते तर? काही बदललं नसतं, बहुधा. पण महाराष्ट्राकडे आज ते वाक्य असतं. त्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात चव्हाण स्वागताध्यक्ष होते, आणि अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी तुरुंगात आजारी झालेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सांगितलं. ते वाक्य दुर्गाबाईंकडे जमा आहे.

सकाळी आठ

आकाशवाणीवरून पंतप्रधानांचा आवाज आला. राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचं कारण नाही. वर्ध्याकडे जूनअखेर म्हणजे कपाशीच्या पेरणीची धांदल. मौनातल्या विनोबांच्या आश्रमात पहाटेच्या प्रार्थनेत ईशावास्य म्हणून झालं होतं. बंगळुरूत संसदीय समितीच्या बैठकीला गेलेले वाजपेयी, अडवाणी, मधू दंडवते पकडले गेले. चार दिवसांनी, ३० जूनला, नागपूर स्टेशनवर सरसंघचालक बाळासाहेब देवरसांना अटक झाली.

२७ जूनला राष्ट्रपतींचा आणखी एक आदेश निघाला: अनुच्छेद १४, २१ आणि २२ खाली कुणालाही न्यायालयात दाद मागता येणार नाही. समानता, जीवित, आणि अटकेचं कारण विचारण्याचा हक्क. हे सगळं अनुच्छेद ३५९ मध्ये बसत होतं. कामतांनी १९४९ मध्ये ज्याचा धसका घेतला, ते कलम हेच.

नंतरचे तास

काही दिवसांतच पवनारहून दोन शब्द बाहेर आले: अनुशासन पर्व. महाभारतातल्या एका पर्वाचं नाव. सरकारने ते उचललं, फलकांवर चढवलं, भिंतींवर रंगवलं. संत बोलले, आता प्रश्न कसला! २५ डिसेंबरला मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की अनुशासन हे आचार्यांचं असतं, राज्यकर्त्यांचं असतं ते शासन. फरक बारीक नव्हता, मोठा होता. पण सहा महिने फलक एकीकडचेच लागले होते, आणि हा खुलासा छापून देशभर पोचवायला वृत्तपत्रं मोकळी नव्हती. विनोबांना मी त्या दोन शब्दांतून पूर्ण सोडवू शकत नाही. मौनात असलेल्या माणसाचा शब्द दुसराच कुणीतरी मोठ्याने वाचतो, हे त्यांच्यासारख्या भाषाज्ञाला कळायला हवं होतं.

जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्य संमेलन भरलं. पुढाकार श्रीमन्नारायण यांचा, वर्ध्याच्या त्या आराखड्याचे तेच लेखक. परिस्थिती पूर्ववत व्हावी असं संमेलनाने सौम्य शब्दांत सुचवलं, दिल्लीने ते कानाआड केलं. त्याच वर्षी विनोबांनी गोहत्याबंदीसाठी उपोषण जाहीर केलं. आश्रमाच्या 'मैत्री' मासिकात ते छापलं गेलं. पोलीस पवनारला आले आणि अंकाच्या प्रती जप्त करून गेले. अनुशासन पर्वाला नाव देणाऱ्याचं मासिकही त्या पर्वातून सुटलं नाही.

कोर्टांचं काय? मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी डांबण्याच्या कायद्याखाली, सुमारे पस्तीस हजार माणसं आत होती. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं की बेकायदा अटकेविरुद्ध हेबियस कॉर्पसचा अर्ज ऐकता येतो. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ होतं, वर्ध्याचा माणूस जिथे दाद मागायला जातो तेच. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी या सगळ्यांना चूक ठरवलं. चारांत यशवंत विष्णू चंद्रचूड होते. एकटे होते हंसराज खन्ना, आणि त्याची किंमत त्यांनी सरन्यायाधीशपद गमावून दिली. त्या निकालावर शेवटची माती पडली २४ ऑगस्ट २०१७ ला, ती टाकणाऱ्यांत चंद्रचूडांचे चिरंजीव होते.

योगायोग असा की आमची आणीबाणी ऐन भरात असताना, १ ऑगस्ट १९७६ रोजी, कॅरिबियनमधलं त्रिनिदाद आणि टोबॅगो नवी राज्यघटना घेऊन प्रजासत्ताक झालं. आणीबाणी जाहीर केली की तीन दिवसांत तिची नेमकी कारणं लेखी सभागृहाच्या सभापतींकडे द्यायची आणि पंधरा दिवसांच्या आत चर्चा घ्यायची, असं त्या घटनेत लिहिलं आहे. गुन्हेगारी टोळ्यांच्या गोळीबारानंतर डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तिथे आणीबाणी लागली, तेव्हा हे नियम वापरात आले.  कारणं लिहून द्या, ही साधी मागणी त्यांच्या घटनेत पहिल्या दिवसापासून होती. आमच्या राष्ट्रपतींसमोर त्या रात्री आलेल्या पत्रात एकही कारण नव्हतं, आणि संसदेकडे जायला घटनेने दोन महिने दिले होते.

जनता सरकारने १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती केली. अंतर्गत अशांतता गेली, सशस्त्र उठाव आला. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय उद्घोषणा निघणार नाही, म्हणजे नियम बाराची फट बुजली. संसदेची मंजुरी एका महिन्यात, विशेष बहुमताने. जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही. कामतांनी मागितलं त्यातलं बरंच काही एकोणतीस वर्षं उशिरा मिळालं.

त्याच दुरुस्तीच्या कलम ३ ने अनुच्छेद २२ बदलायचं ठरवलं होतं. विनाचौकशी डांबलेल्या माणसाला सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन नव्हे, दोनच महिने ठेवता यावं, आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने नेमलं जावं. संसदेने ते मंजूर केलं, राष्ट्रपतींनी सही केली. लागू कधी करायचं ती तारीख केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवायची होती. बाकीची बहुतेक कलमं १९७९ मध्ये लागू झाली. कलम ३ ची अधिसूचना त्यानंतर आलेल्या कुठल्याही सरकारने अद्याप काढलेली नाही.